नावाचा अर्थ शोधायचा कसा? जगभरच्या नावांची मुळे धुंडाळणाऱ्या नवशिक्यांसाठी

आरव हे नाव घ्या. नावांच्या बहुतेक याद्यांत त्याच्यापुढे ‘शांत’ असे लिहिलेले आढळते. मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत कोश (१८९९ ची आवृत्ती) उघडला तर ‘आरव’ म्हणजे आवाज, ओरडा, गलका. शांत असतो तो ‘अरव’, ज्याला रव नाही असा. एका कान्याने अर्थ उलटा झाला, आणि याद्या एकमेकींवरून उतरवल्या जात असल्यामुळे तो उलटाच सगळीकडे गेला. तान्ह्या बाळाचा विचार केला तर कोशातलाच अर्थ जास्त खरा म्हणायचा, पण ते असो.

अशा याद्यांवर न विसंबता नावाचे मूळ स्वतः कसे काढायचे, ते इथे पायऱ्यापायऱ्यांनी दिले आहे. सुरुवातीलाच एक गाठ मारून ठेवा: ‘या नावाचा अर्थ काय?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. एक, ज्या शब्दापासून नाव बनले त्या शब्दाचा अर्थ काय. दुसरा, त्या माणसाचे नाव तेच का ठेवले. दोन्हींची उत्तरे पुष्कळदा एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. वहीत दोन्हींसाठी वेगळे रकाने आखा.

पायरी १ : नाव नीट मिळवा

कोश उघडण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: नाव मूळ लिपीत कसे लिहितात, त्या घरात ते कसे उच्चारतात, ते कोणत्या देशात आणि साधारण कोणत्या दशकात ठेवले, आणि घराण्याची भाषा व धर्म कोणता. यातले काहीच ठाऊक नसेल तर पुढचे काम अंदाजपंचे होते.

का, ते ‘कियारा’वरून कळते. हल्ली आपल्याकडे रुळलेले हे नाव मुळात कोणते? इटालियन ‘क्यारा’ हे लॅटिन ‘क्लारा’चे रूप, अर्थ स्वच्छ, उजळ. आयर्लंडमधले ‘कीअरा’ हे नाव ‘किअर’ या शब्दापासून आले; अर्थ काळा, सावळा. रोमन लिपीत दोघांत फक्त एका अक्षराचा फरक, देवनागरीत तोही उरत नाही, आणि अर्थ मात्र उजेड आणि अंधार.

अशा जुळ्या दिसणाऱ्या, पण नाते नसलेल्या नावांची फार मोठी रांग आहे. ‘तारा’ आपल्याकडे आकाशातली, आयर्लंडमध्ये जुन्या राजांच्या टेकडीचे नाव. ‘माया’ संस्कृत, ग्रीक आणि हिब्रू अशी तिन्ही असू शकते, आणि तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. ‘नील’ म्हणजे निळा, पण आयर्लंडमधला नील हा जुन्या ‘नीअल’चा वंशज. ‘सोनिया’ मराठी कानाला सोन्यासारखे वाटते. मूळ मात्र रशियन, ‘सोफिया’चे लाडके रूप.

चिनी आणि जपानी नावांच्या बाबतीत तर मूळ लिपी नसेल तर काम थांबवाच. चिनी ‘मिंग’ हा उच्चार तेजस्वी, नाव, आयुष्य-नशीब अशा निरनिराळ्या चिन्हांचा असू शकतो. त्यातल्या ‘तेजस्वी’ आणि ‘नाव’ यांचा तर सूरही (उच्चाराचा चढउतार, ज्याने चिनीत शब्द बदलतो) एकच. जपानी ‘हारु’ वसंत ऋतूच्या चिन्हाने लिहिता येते, सूर्यप्रकाशाच्या किंवा निरभ्र आकाशाच्या चिन्हानेही. आईवडील आधी उच्चार पसंत करतात आणि मग चिन्ह निवडतात, किंवा उलट. जपानमध्ये नावात वापरायच्या चिन्हांची सरकारी यादीच आहे: रोजच्या वापरातली २,१३६ आणि त्याशिवाय खास नावांसाठी राखलेली ८६३. गंमत म्हणजे चिन्हांवर बंधन असूनही ती कशी वाचायची यावर फारसे बंधन नव्हते. कुटुंबाच्या नोंदवहीत उच्चारही लिहायची तरतूद लागू झाली ती थेट मे २०२५ मध्ये. तेव्हा ‘हारु या जपानी नावाचा अर्थ काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. चिन्ह दाखवा, मग अर्थ.

पायरी २ : त्यातले स्वतःचे नाव कोणते, ते ठरवा

नाव-वडिलांचे नाव-आडनाव हा आपला क्रम जगभर चालत नाही. चिनी, जपानी, कोरियन आणि युरोपात हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसते. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांचे नाव ‘विग्दिस’ एवढेच. पुढचा भाग म्हणजे ‘फिन्बोगीची मुलगी’. लग्नानंतरही तो बदलत नाही, कारण वडील बदलत नाहीत. तिथली टेलिफोन डिरेक्टरीही पहिल्या नावाप्रमाणे लावत.

म्यानमारमध्ये आडनावही नाही आणि वडिलांचे नाव लावायची रीतही नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव ऊ थांट यांच्या नावातला ‘ऊ’ हा आपल्या ‘श्री’सारखा; नाव नुसते ‘थांट’. आँग सान सू ची यांच्या नावात ‘आँग सान’ हे वडिलांचे, ‘सू’ आजीचे आणि ‘ची’ आईच्या नावातले. हे असे घरातल्या माणसांची नावे गोळा करून केलेले नाव. तिथे एकेका तुकड्याचा कोशातला अर्थ जोडून वाक्य बनवणे म्हणजे भलतीकडेच जाणे.

अरबी नावांत इथली ठरलेली चूक म्हणजे ‘अब्दुल’. ‘अब्द’ म्हणजे दास, ‘उल’ हा पुढच्या शब्दाला जोडणारा भाग. अब्दुल रहमान, अब्दुल करीम ही पूर्ण नावे. रहमान, करीम ही ईश्वराची विशेषणे. नुसते ‘अब्दुल’ म्हणजे ‘…चा दास’, कुणाचा ते सांगितलेच नाही. आपल्या रामदासातला राम काढून नुसते ‘दास’ उरावे, तसे. तीच गत ‘उद्दीन’ची: नूरुद्दीन म्हणजे धर्माचा प्रकाश, त्याचे ‘नूर’ आणि ‘उद्दीन’ असे तुकडे करून ‘उद्दीन’ला आडनाव समजू नये.

पायरी ३ : लाडाची साल काढा

पांडू म्हणजे कोण? संस्कृत कोश म्हणेल फिकट, पांढुरका. पण महाराष्ट्रातल्या खेड्यातला पांडू हा पुष्कळदा पांडुरंग असतो, जसा म्हादू हा महादेव, सदू हा सदाशिव. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर तो पांडूचा संबंध थेट महाभारताशी लावेल. परक्या भाषांत आपली अवस्था नेमकी तशीच असते.

म्हणून कोणतेही आखूड, गोड वाटणारे नाव समोर आले की आधी विचारा, हे कुणाचे लाडके रूप आहे का? तान्या हे तात्यानाचे, नताशा हे नताल्याचे, साशा हे अलेक्सांद्र किंवा अलेक्सांद्राचे. हान्स हे योहानेसचे, रिटा हे मार्गारिटाचे (मोती), स्पॅनिश पाको हे फ्रान्सिस्कोचे आणि पेपे हे होसेचे. इंग्रजी जॅक हे बहुतेक वेळा जॉनचे लाडके रूप असते. फ्रेंच जाकशी त्याचा कितीही सारखेपणा दिसो, जाक हा याकोब आहे.

मराठीतले ‘जी’, ‘बा’, ‘राव’ हे आदराचे शेपूटही असेच बाजूला ठेवायचे. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात सॅम्युएलचे समाजी झाले आणि अब्राहमचे अबाजी. शेवटचा ‘जी’ काढला नाही तर ते हिब्रू नाव आहे हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

पायरी ४ : नावाच्या प्रवासाचा रस्ता आखा

ही सगळ्यांत मजेची पायरी, आणि इथे घाई केली की सगळे बिघडते. नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना सहसा उच्चार जातो, अर्थ मागे राहतो. ज्या भाषेत ते पहिल्यांदा अर्थपूर्ण होते तिथपर्यंत, एकही टप्पा न गाळता, मागे जायचे.

हिब्रू ‘योहानान’ घ्या: यहोवाने कृपा केली. ग्रीकांनी त्याचे ‘योआनेस’ केले, लॅटिनने ‘योहानेस’. तिथून इंग्रजी जॉन, फ्रेंच जाँ, स्पॅनिश हुआन, इटालियन जोव्हान्नी, रशियन इव्हान, आयरिश शॉन, वेल्श एव्हन, पोलिश यान. पोर्तुगीजांनी त्याचे केले जुआंव, आणि गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात तो सांजांव म्हणजे संत जुआंव, मराठी बायबलातला बाप्तिस्मा करणारा योहान. ‘इव्हान’ या नावात कृपा शोधायला रशियन कोश उघडाल तर रिकाम्या हाताने परत याल. रशियनमध्ये त्या आवाजाला स्वतःचा अर्थ नाही.

याकोबाचा रस्ता आणखी वळणांचा आहे. लॅटिन ‘याकोबुस’चे बोलीत ‘याकोमुस’ झाले. ब-चा म झाला म्हणून इंग्रजीत जेकब आणि जेम्स अशी दोन वेगळी नावे तयार झाली. स्पेनमध्ये ‘सांत यागो’ एकत्र चिकटून ‘सांतियागो’ झाले, म्हणजे ‘संत’ ही पदवीच नावात मुरली. मराठी वाचकाला हे सहज तपासता येते: इंग्रजी बायबलात जे पत्र जेम्सचे आहे, तेच मराठी बायबलात याकोबाचे.

सिकंदर हे चुकून झालेल्या तोडीचे उत्तम उदाहरण. ग्रीक ‘अलेक्सान्द्रोस’, माणसांचे रक्षण करणारा. अरबीत ‘अल’ हा शब्दांच्या आधी लागणारा भाग असल्याने ऐकणाऱ्यांनी सुरुवातीचे ‘अल’ तसेच समजून वेगळे काढले, ‘क्स’चे ‘स्क’ झाले, आणि उरले ‘इस्कंदर’. पुढे ‘सिकंदर’. आता सिकंदरचा अर्थ फारसीत शोधण्यात काय हशील?

क्वचित नाव अर्थासकट भाषांतरित होऊन प्रवास करते, आणि अशी ठिकाणे मुद्दाम टिपून ठेवा. येशूने शिमोनाला अरामी भाषेत ‘केफा’, म्हणजे खडक, हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा उच्चार न नेता अर्थ नेला: ‘पेत्रोस’. पीटर, पिएर, पेद्रो, मराठी बायबलातला पेत्र हे सगळे त्या भाषांतराचे वारस.

ध्वनी कसे बदलतात याचे दोनचार नियम पाठ असले की आपल्याला फार फायदा होतो. जुन्या इराणी भाषांत आपल्या ‘स’च्या जागी बहुधा ‘ह’ असतो (सप्त, हफ्ता). हे माहीत असले की मुंबईतल्या पारशी नावांचे कुलूप आपोआप उघडते. खुर्शेद हे ‘ह्वर क्षएत’, तेजस्वी सूर्य. ‘ह्वर’ म्हणजे आपला स्वर्. जमशेदमधला ‘जम’ हा अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला यिम, आपला यम. बेहराम हे ‘वेरेथ्रघ्न’वरून घासून आले, शेजारी वृत्रघ्न (वृत्राला मारणारा, इंद्र) ठेवून पाहा. आणि इतिहासात दारियस म्हणून शिकलेला सम्राट स्वतःला ‘दारयवहुश’ म्हणवत होता: धारय आणि वसु. जावा बेटावरही असाच नियम आहे. तिथे शेवटचा ‘अ’ पुष्कळदा ‘ओ’ होतो. सुकार्णो म्हणजे सु अधिक कर्ण. लहानपणीचे ‘कुस्नो’ हे नाव आजारपणांमुळे बदलून महाभारतातल्या कर्णाचे ठेवले. मेगावती सुकार्णोपुत्रीमधला मेघ आणि पुत्री तर कुणी सांगावे लागत नाहीत.

पायरी ५ : मूळ भाषेत तुकडे करा आणि मगच कोश उघडा

प्रत्येक भाषेची नावे बनवायची आपली पद्धत असते. ती पद्धत आधी कळली की कोशात काय शोधायचे ते कळते.

हिब्रू नावांत बरेचदा देवाचा उल्लेख असतो: ‘एल’ (देव) किंवा ‘या’ (यहोवाचे आखूड रूप). दानिएल (देव माझा न्यायाधीश), मिखाएल (देवासारखा कोण?), आणि एलिया, ज्यात दोन्ही आहेत: ‘या हाच माझा देव’. ही नावे म्हणजे छोटी वाक्ये आहेत. मिखाएल तर प्रश्नच आहे. याद्यांत त्याचे ‘देवासारखा’ केलेले दिसते, तेव्हा प्रश्नचिन्ह हरवलेले असते आणि अर्थ बरोबर उलटा होतो.

अरबी नावे तीन व्यंजनांच्या मुळावर उभी असतात. ह-म-द, स्तुती: मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद. स्वर बदलले की छटा बदलते. त्यामुळे अरबी कोशात शब्द सुरुवातीच्या अक्षराखाली न पाहता मुळाखाली पाहायचा. मुहम्मद ‘म’खाली सापडत नाही.

जर्मन कुळातली जुनी नावे दोन शब्द जोडून केलेली: विल्हेल्म म्हणजे इच्छा आणि शिरस्त्राण, रॉबर्ट म्हणजे कीर्ती आणि तेज, एडवर्ड म्हणजे संपत्ती आणि रखवालदार. नवशिक्याचा पाय घसरतो तो इथे. तो दोन्ही शब्दांचे सुसंगत वाक्य करायला जातो: ‘इच्छेचे शिरस्त्राण असलेला’. पण या दोन शब्दांत समास असेलच असे नाही. आईच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला एक, अशी जोडणीही चाले. सहाव्या शतकातल्या फ्रँक राणीचे नाव होते फ्रेडेगुंड: शांतता आणि युद्ध. याचे वाक्य करायचे नाही, दोन अर्थ शेजारी लिहून गप्प बसायचे.

संस्कृत नावांसाठी मोनिअर-विल्यम्स वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. कलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो, म्हणून या गोष्टी जास्तच कामाच्या. पहिली: शब्द मूळ रूपाखाली असतो. हनुमान ‘हनुमत्’खाली, राजा ‘राजन्’खाली, शशी ‘शशिन्’खाली, यशोधन न मिळाल्यास ‘यशस्’. दुसरी: एखाद्या अर्थापुढे इंग्रजी ‘एल’ हे अक्षर आणि टिंब असेल, तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी दिला आहे, वाङ्मयात वापरलेला सापडलेला नाही. नावांच्या याद्यांतले नवलाईचे अर्थ पुष्कळदा तिथूनच उचललेले असतात. तिसरी: ‘एन. ऑफ’ म्हणजे ‘…चे नाव’. ‘अमुक ऋषीचे नाव’ हा शब्दाचा अर्थ नाही, तो कुणाला दिला होता एवढीच ती माहिती. मराठी बोलीतल्या नावांसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) जवळ असू द्या. केरू, धोंडू, कोंडी संस्कृत कोशात मिळायची नाहीत.

अर्थ सारखा निघाला म्हणून मूळ एक समजू नका. देवाने दिलेला: आपला देवदत्त, ग्रीक थिओडोर, रशियन-पोलिश बोगदान, हिब्रू नथनेल, फारसी खुदादाद, अरबी अताउल्ला. सहाही भाषांनी आपापल्या शब्दांत एकच भावना सांगितली. एकाचे दुसऱ्यात भाषांतरच झाले असेल असे समजू नका. यांतल्या दत्त, डोर, दान, दाद या टोकांमागे ‘देणे’ हा एकच जुना धातू आहे, कारण त्या भाषा एका कुळातल्या. हिब्रू आणि अरबीचे कूळ वेगळे, त्यांचा धातू वेगळा.

पायरी ६ : काढलेला अर्थ पाडून पाहा

उत्तर मिळाल्यावर ते खोटे ठरवायचा मनापासून प्रयत्न करा. पहिली कसोटी तारखेची. ‘व्हनेसा म्हणजे ग्रीक भाषेत फुलपाखरू’ असे सर्रास छापलेले असते. हे नाव लेखक जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हानोम्री या मैत्रिणीच्या आडनावातला ‘व्हान’ आणि एस्थरचे ‘एसा’ जोडून घडवले. ते आलेली कविता १७२६ मध्ये छापली. फुलपाखरांच्या एका वंशाला कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने व्हनेसा म्हटले ते १८०७ मध्ये. म्हणजे फुलपाखरू नावावरून आले, नाव फुलपाखरावरून नाही.

तारीख तपासायला अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याची आकडेवारी सोयीची आहे. १८८० पासून दरवर्षी कोणते नाव किती बाळांना ठेवले, हे तिथे मिळते. मात्र वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेले नाव यादीत येत नाही, आणि ती आकडेवारी अमेरिकेची आहे, जगाची नाही. तिथे दिसले नाही म्हणजे नाव नव्हते असे नव्हे.

दुसरी कसोटी: अर्थ नंतर चिकटवलेला आहे का? धर्मग्रंथांतही हे घडते, त्यामुळे ‘ग्रंथातच लिहिले आहे’ एवढ्यावर थांबू नका. मोशेला पाण्यातून ‘ओढून काढले’ म्हणून ते नाव, असे बायबल सांगते. तो हिब्रू शब्दाशी साधलेला मेळ आहे. अभ्यासकांचा कल इजिप्ती ‘मेस’, म्हणजे जन्मलेला, याकडे आहे. थुटमोस, रामसेस या इजिप्ती राजांच्या नावांच्या शेवटी तोच आहे. व्लादिमीरमधला ‘मीर’ आज शांतता किंवा जग असा ऐकू येतो. जुन्या रूपात तो थोर, विख्यात अशा अर्थाचा निराळा शब्द होता. कॅथरीनचे मूळ अनिश्चित, पण ‘शुद्ध’ अर्थाच्या ग्रीक शब्दाशी ते इतके जोडले गेले की त्याचे स्पेलिंगही त्याप्रमाणे बदलले. नोंदीत दोन्ही लिहा: मूळ काय होते, आणि लोकांनी काय ऐकले. लोकांनी ऐकलेले खोटे म्हणून खोडू नका. पुष्कळांनी नाव ठेवले ते त्यावर विसंबूनच.

नकलेतली चूक हीसुद्धा शंका घ्यायची जागा. येशूची आई मरियम (मारिया) हिच्या नावाचा अर्थ संत जेरोमने लॅटिनमध्ये ‘समुद्राचा थेंब’ असा दिला होता, आणि ‘स्टिल्ला’चे कुणा नकलकाराने ‘स्टेल्ला’ केले असावे, असे मानतात. थेंबाचा तारा झाला, आणि ‘समुद्रतारा’ हे मारियेचे लाडके बिरुद ठरले. आरवच्या कान्याचीच ही जुनी बहीण.

पायरी ७ : आता दुसरा रकाना, नाव का ठेवले?

गोव्यात कित्येक पिढ्यांनी फ्रान्सिस झेवियर हे नाव ठेवले. तुकडे करा: ‘फ्रान्सिस’ म्हणजे फ्रेंच. असिसीच्या संताला वडिलांनी लाडाने ‘फ्रांचेस्को’ म्हटले, तेव्हापासून ते पसरले. ‘झेवियर’ हे बास्क भाषेतले ‘एचेबेरी’, नवे घर. गावाचे नाव, मग घराण्याचे, मग संताचे. गोव्यातल्या कुठल्या आईने मुलाला ‘फ्रेंच नवे घर’ म्हणून हाक मारली असेल? १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या संताची आठवण, एवढेच कारण. तसेच दोलोरेस. शब्दशः ‘दुःखे, वेदना’. खरे तर मारियेच्या ‘दुःखी माता’ या बिरुदाचा तो तुकडा. पिएदाद, कोंसेसांव, रोझारियो ही सगळी त्याच माळेतली. दोलोरेस नावाच्या बाईला ‘तुमच्या नावाचा अर्थ वेदना’ असे सांगणे म्हणजे अर्धवट ज्ञान, आणि वर फटकळपणा.

घानामधल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळते. मुलांची नावे रविवारपासून क्रमाने: क्वासी, कोजो, क्वाबेना, क्वाकू, याव, कोफी, क्वामे. मुलींची: अकोसुआ, अज्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा. बोलीप्रमाणे थोडा फरक पडतो. हे पडताळता येते, म्हणून सरावाला उत्तम. कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा. कॅलेंडर काढा, शुक्रवार निघतो. जुळ्या बहिणीचे नाव एफुआ, तेही शुक्रवारचेच, आणि दोघांच्या नावातला ‘अट्टा’ म्हणजे जुळे. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे नाव शनिवार सांगते, पण छापली जाणारी २१ सप्टेंबर १९०९ ही तारीख मंगळवारी येते. जिथे कागदी नोंदी उशिरा आल्या तिथे नाव आणि कागद यांचा असा तंटा होतोच. तो नोंदवा, परस्पर मिटवू नका.

नायजेरियातल्या योरुबांत जुळ्यांची नावे ठरलेली. आधी जन्मते ते तायवो, ‘जगाची चव घेऊन पाहणारे’. मागून येते ते केहिंदे. आणि थोरले मानतात केहिंदेला, कारण धाकट्याला पुढे पाहणीला पाठवायचे ही थोरल्याची रीत! वयाचा क्रम नावावरून लावताना आपण हमखास चुकतो ते इथे.

आपल्याकडे पंचांगाने दिलेले अक्षर हे असेच कारण असते. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला. चेतन नावाचा माणूस भेटला तर त्यात चैतन्याचा विचार किती आणि ‘चे’चा किती, हे पत्रिकेलाच ठाऊक. उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणाला तर ‘ञ’ येतो. तिथे घरचे लोक जी वाट काढतात, ती कुठल्याच यादीत नसते.

आणि मग नजर लागू नये म्हणून, किंवा नकोसेपणातून ठेवलेली नावे. मुले जगत नसत तेव्हा धोंडू, दगडू, केरू, भिकाजी अशी नावे ठेवत, म्हणजे मृत्यूला त्या पोराचा मोह पडू नये. तुर्कस्तानात त्याच भीतीतून दुर्सुन (राहो) आणि याशार (जगतो). मुली झाल्या म्हणून नकुशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली. तुर्की भाषेत याच कारणाने मुलीला ‘येतेर’ म्हणत, म्हणजे पुरे. चीनमध्ये ‘चाओदी’, धाकट्या भावाला बोलावून आण. या तिन्हींचा कोशातला अर्थ एका ओळीत संपतो. सगळे वजन दुसऱ्या रकान्यात आहे, आणि तिथे लिहिताना समोरच्या व्यक्तीला विचारल्याशिवाय लिहू नये.

पायरी ८ : नोंद लिहा

पूर्ण झालेली नोंद साधारण अशी दिसते:

नाव: सोनिया. 
लाडके रूप आहे का: हो, रशियन सोफियाचे (सोन्या). 
रस्ता: ग्रीक सोफिया, मग रशियन सोफिया, मग सोन्या, मग पश्चिम युरोपातले आणि भारतातले सोनिया. 
मूळ शब्दाचा अर्थ: शहाणपण (पक्के). 
लोकांनी ऐकलेला अर्थ: मराठी-हिंदीत सोने (नंतरचा). 
ठेवण्याचे कारण: घरच्यांना विचारून.

प्रत्येक अर्थापुढे ‘पक्के’, ‘बहुधा’ किंवा ‘वाद आहे’ यांपैकी एक शब्द लिहायची सवय लावा. दोन मते असतील तर दोन्ही लिहा आणि कोणते तुम्हाला पटते तेही. काही नावांपुढे अर्थाचा रकाना कोराच राहतो. आर्थरचे मूळ केल्टिक ‘अस्वल’ या शब्दात शोधणारे आहेत, रोमन ‘आर्तोरियस’ या कुलनामात शोधणारेही आहेत. आणि आर्तोरियस खरे धरले, तरी त्याचा अर्थ पक्का नाही. तिथे ‘वाद आहे’ एवढे लिहायचे, आणि पुढच्या नावाकडे वळायचे.